आंबा घाटात पिकअप दम सोडते – डिझेल प्रेशरचा घोळ, कुणी सांगेल का?

हापूसवाला
नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची डिझेल पिकअप, बीएस४, कॉमन रेल, १ लाख ६२ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच भरकटेल. रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा नेतो आणि सीझन आत्ताच अंगावर आलाय.

त्रास असा की हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, सगळं झकास. घाट लागला, तिसरा गिअर टाकला, पाय खाली दाबला की दोन-तीन वळणांत गाडी दम सोडते. धूर नाही, खडखड नाही, मागून कुणीतरी फाळका धरून ठेवल्यासारखी वाटते. मग चेक लाइट लागतो आणि २००० आरपीएमच्या वर काटा जात नाही. बाजूला घ्यायची, बंद करायची, पाच मिनिटं थांबायचं, स्टार्टर मारला की जणू काही झालंच नाही. चार वळणं वर गेलो की पुन्हा पहिले पाढे. परवा घाट चढायला पावणेदोन तास लागले. मागे साठ पेट्या, वर ऊन, आणि मार्केटमधून दर पाच मिनिटांनी फोन.

इथल्या मेस्त्रीने स्कॅनर लावला. कोड पी००८७, म्हणजे रेलमध्ये (सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या पाइपात) प्रेशर कमी. त्याचं म्हणणं, ‘पंप गेला. ३८ हजार. नोझल काढावे लागले तर ते वेगळे.’ डिझेल फिल्टर तीन महिन्यांपूर्वीच बदललाय. खरंच पंप गेलाय का? की आधी आणखी काही बघावं?

गडबडगुंडा
आंबा घाटात आंब्याची गाडी अडकली. घाट नावाला जागला म्हणायचं.

स्टेअरिंग_सम्राट
सेन्सर. डोळे मिटून सेन्सर बदला. माझ्या गाडीला हाच कोड होता, रेलचा प्रेशर सेन्सर बदलला, दोन वर्षं झाली, परत लाइट नाही.

नोझलवाला_सांगली
हापूसवाले, पंप आत्ता काढू देऊ नका. वीस वर्षं पंप-नोझल तपासायच्या बेंचवर काढली आहेत. ‘पंप गेला’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या पंपांतले बरेच बेंचवर लावले की ठणठणीत निघतात. मालकाचे काढण्या-घालण्याचे पैसे जातात ते जातातच.

पी००८७ चा अर्थ एवढाच की ईसीयूने (गाडीच्या कॉम्प्युटरने) जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये आलं नाही. का आलं नाही ते कोड सांगत नाही. ताप आलाय हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉइड ते नाही सांगत. तुमच्या पद्धतीच्या गाडीत आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) साधारण ३०० बारच्या आसपास प्रेशर असतं, आणि घाटात पाय दाबला की मागणी १२००-१४०० च्या पुढे जाते. म्हणजे सपाटीला गाडी झकास चालते यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे मागणीच कमी आहे.

आता प्रेशर कमी पडायला तीनच वाटा. पंपापर्यंत डिझेल पुरेसं पोचत नाही. पोचतंय, पण पंप दाबू शकत नाही. किंवा दाबलेलं कुठून तरी निसटतंय, म्हणजे नोझलच्या रिटर्नमधून (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीतून) किंवा रेलच्या टोकाच्या, जादा दाब सोडणाऱ्या लिमिटिंग व्हॉल्व्हमधून. सगळे मेस्त्री मधल्या वाटेपासून सुरुवात करतात, कारण तिथे बिल मोठं होतं. मी टाकीच्या झाकणापासून सुरू करतो.

दोन प्रश्न. इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद करून लगेच चालू करताना सेल्फ लांब मारावा लागतो का? आणि टाकी भरलेली असताना त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त, असं काही जाणवतं का?

हापूसवाला
नोझलवाले, एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. गरम असताना अर्ध्या सेल्फवर उठते. टाकीचं कधी लक्षात ठेवलं नाही. पण परवा पाव टाकीच होती हे खरं.

उद्यमनगरी
भावा, गरम गाडी अर्ध्या सेल्फवर उठते ना? मग नोझल आणि पंप दोन्ही बरे असायची शक्यता जास्त. झिजलेल्या पंपात डिझेल तापून पातळ झालं की आतल्या आत गळतं, आणि पहिला त्रास तिथेच दिसतो, गरम स्टार्टला. नोझलवाल्यांनी तो प्रश्न उगाच विचारलेला नाही.

फिल्टर तीन महिन्यांपूर्वी बदलला म्हणता, पण कुठला? आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकाच डब्याच्या छपाईत तीन भावांचे फिल्टर मिळतात. आतला कागद बघितला तर वहीचा वाटतो. आणि खालचा पाण्याचा कॉक शेवटचा कधी उघडला होता?

हापूसवाला
पाण्याचा कॉक असतो?

उद्यमनगरी
विषय हार्ड आहे म्हणायचा.

गडबडगुंडा
तीन वर्षं बिचारा पाण्यातून डिझेल काढत असेल.

स्टेअरिंग_सम्राट
बंद करून चालू केल्यावर लगेच बरी होते, म्हणजे इलेक्ट्रिकल. यांत्रिक बिघाड पाच मिनिटांत बरा होत नाही. म्हणून म्हणतो सेन्सर.

रेल_१६००
इतकं सरळ नाही. मी या कामातला नाही, पण गाड्यांचा किडा आहे. कोड आला की ईसीयू इंधन कापतो, त्यालाच लिंप मोड म्हणतात, आणि बऱ्याच गाड्यांत चावी बंद-चालू केली की तो सुटतो. म्हणजे ‘बरी झाली’ हा नुसता भास असू शकतो. आजार तसाच, फक्त शिक्षा माफ.

सेन्सर तपासायलाही बदलायची गरज नाही. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा असतो. चावी चालू, इंजिन बंद, रेलमधलं प्रेशर उतरलेलं, तेव्हा सिग्नलच्या वायरवर साधारण अर्धा व्होल्ट दिसायला हवा. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांचा येतो, सेन्सर काही हजारांचा.

नोझलवाला_सांगली
रेल_१६००, लिंप मोडचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण मग हे सांगा, शिक्षा माफ झाल्यावर त्याच चढावर पहिल्याच वळणाला परत यायला हवं होतं. चार वळणं कशी चढली? मधल्या पाच मिनिटांत काहीतरी मोकळं होतंय. माझं लक्ष तिथे आहे.

जुना_मुरांबा
तुम्ही पोरं फार गुंतागुंत करता. आमच्या वेळी गाडी ओढत नसली की इंजिन चालू ठेवून नोझलचा एकेक पाइप पान्याने सैल करायचो. ज्या पाइपाने इंजिनाचा आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेला. दहा मिनिटांचं काम. हापूसवाल्यांनी हे करून बघावं.

नोझलवाला_सांगली
काका, नको! हापूसवाले, हे अजिबात करायचं नाही. चालू इंजिनावर कॉमन रेलच्या पाइपाला पाना लावायचा नाही, आणि बंद केल्यावरही रेल उतरायला थोडा वेळ द्यायचा.

अर्धा_डॉक्टर
इतके दिवस वाचनमात्र होतो, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी सर्जन आहे. (आयडी बायकोने ठेवलाय.) तुमच्या पिकअपच्या टायरमध्ये साधारण चार बार हवा असते. इथे तीनशे ते दीड हजार बारची गोष्ट चाललीय. केसाएवढ्या फटीतून आलेली ती धार हातमोजा आणि कातडी भेदून बोटाच्या आत डिझेल भरते. माझ्याकडे आलेला एक मुलगा ‘सुई टोचल्यासारखं झालं’ म्हणत होता. बाहेरून टिंबाएवढी जखम, रक्त जवळजवळ नाही, दुखणंही फारसं नाही. घरी जाऊन हळद लावून झोपला. रात्रीत बोट वांग्यासारखं झालं. आत पसरलेलं डिझेल शस्त्रक्रियेनेच काढावं लागतं आणि ते तासांच्या हिशेबात. उशीर झाला की बोट जातं. गळती शोधायला पाइपावरून हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. आणि टोचलंच तर थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, ‘उच्च दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. नाहीतर ड्यूटीवरचं पोरगं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवेल.

जुना_मुरांबा
बरं बाबांनो, चुकलं. आमच्या गाड्यांत नोझल दीड-दोनशे बारला उघडायचं, तिथे चालून जायचं. तेसुद्धा डॉक्टर म्हणतील चालून जायचं नाही.

अर्धा_डॉक्टर
म्हणतोच आहे.

माजी_फौजी
डिझेलची सगळ्यात मोठी परीक्षा थंडीत होते. लेहला होतो तेव्हा सकाळी टाकीत डिझेल मेणासारखं थिजायचं. फिल्टर गच्च, पंप कोरडा. टाकीखाली शेगडी धरणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत. २०१९ पासून लडाखला इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल मिळतं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं म्हणतात. आम्ही त्याआधीचे. तुमच्या टाकीत मेण तर नाही ना झालं?

गडबडगुंडा
काका, आंबा घाटात एप्रिलमध्ये उणे ३३ असतं तर हापूसची थेट कुल्फीच उतरवली असती कोल्हापुरात.

बर्फातला_मराठी
फौजी काका, मिनेसोटात दर जानेवारीत हेच. इकडचे पिकअपवाले हिवाळ्यात नंबर दोनमध्ये नंबर एक डिझेल मिसळतात, ते लवकर थिजत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये इंधन गरम ठेवायची तीन वेगवेगळी साधनं आहेत, तरी फेब्रुवारीत बस पकडतो. बाकी हापूसची पेटी इकडे पोचवायची काही सोय?

मेघना_ट्रान्सपोर्ट
आमच्या तीन पिकअप आहेत, संगमेश्वरला. एकीला अगदी असाच त्रास होता. ड्रायव्हर रोज वेगळं कारण सांगायचा, म्हणून एक दिवस मीच शेजारी बसले. चढावर दम सोडला, मी उतरले आणि टाकीचं झाकण उघडलं, तर ‘फुस्स’ करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं भोक लाल मातीने बुजलेलं. इंजिन डिझेल ओढत राहतं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पंपाला दम लागतो. झाकण धुतलं, खर्च शून्य. हापूसवाले दादा, पुढच्या वेळी गाडी अडकली की बंद करायच्या आधी झाकण उघडा आणि कान द्या.

नोझलवाला_सांगली
ताईंचा सल्ला लाखमोलाचा. यालाच मी ‘झाकणापासून सुरुवात’ म्हणतो.

तुमच्या जातीच्या गाडीत टाकीत वेगळा विजेचा पंप बहुतेक नाही. मोठ्या पंपाच्याच पाठीला एक छोटा फीड पंप असतो आणि तो टाकीपासून फिल्टरमार्गे डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकी ते पंप ही सगळी नळी ओढीवर आहे. या नळीला चीर गेली तर ती थेंबभरही गळणार नाही, उलट हवा आत घेईल. मेस्त्री खाली वाकून बघतो, जमीन कोरडी, म्हणतो नळी बरी आहे. म्हणून फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी लावून बघायची. बुडबुडे दिसले तर हवा येतेय. बुडबुडे नाहीत पण नळी चपटी होतेय, तर मागे कुठेतरी चोंदलंय.

हापूसवाला
आठवड्याने हजर. नवीन बातमी.

फिल्टरचा कॉक उघडला. काचेच्या ग्लासात धरलं, खाली दोन बोटं पाणी, मध्ये चहाच्या गाळासारखं काळं, वर डिझेल. फिल्टर फोडला तर उद्यमनगरी म्हणाले तसा कागद, एका बाजूला चिकटवणसुद्धा सुटलेलं. चांगला फिल्टर घातला, प्रायमरने (हातपंपाने) हवा काढली. झाकण तपासलं, फुस्स नाही. सेन्सर रेल_१६०० यांच्या पद्धतीने बघितला, ०.५ व्होल्ट बरोबर.

तीन फेऱ्या अशा झाल्या की घाट कधी संपला कळलं नाही. इथे पेढे वाटायला येणार होतो. चौथ्या फेरीला विसाव्याच्या पॉइंटच्या अलीकडे परत तेच. दम सोडला, लाइट, बाजूला.

मेस्त्री म्हणतो, ‘सांगितलं होतं, पंप.’ घरचे म्हणतात करून टाक एकदाचा. काय करू?

स्टेअरिंग_सम्राट
आता तरी मेस्त्रीचं ऐका. ते रोज दहा गाड्या बघतात, इथे आपण टाइप करतोय.

उद्यमनगरी
सम्राट, तुम्ही सेन्सरवरून पंपावर कधी आलात?

मेघना_ट्रान्सपोर्ट
सम्राट यांचं अर्धं पटतं. मेस्त्रीला वाईट ठरवणं सोपं असतं. सीझनमध्ये त्याच्या दारात आठ गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत हवी असते. तपासायला दोन दिवस कोण देतं त्याला? तपासणीचे पैसे मागितले तर आपणच म्हणतो, ‘काही बदललं नाही आणि पैसे कसले?’ म्हणून तो पार्ट बदलतो. पण ३८ हजारांच्या आधी एक दिवस द्यायला हरकत नाही.

नोझलवाला_सांगली
ताई, हे छापून आमच्या दुकानात लावतो.

हापूसवाले, पंपावर निकाल द्यायच्या आधी दोन कामं करा. पहिलं, रिटर्नची बाटली. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन गरम, आयडलला ठरावीक मिनिटं. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर ते नोझल प्रेशर पळवतंय. हे दबावाचे पाइप नव्हेत, वरच्या बारीक नळ्या. डॉक्टर, घाबरू नका.

दुसरं, गाडी कॅनवर चालवा. पंपाच्या बाजूची ओढीची नळी आणि रिटर्नची नळी टाकीपासून सोडवून स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवायच्या, फिल्टर मध्ये ठेवायचा. कॅन नीट बांधायचा, सायलेन्सरपासून लांब, नळ्या कुठे घासणार नाहीत अशा. आणि तोच भार, तोच घाट. रिकाम्या गाडीने सपाटीवर केलेल्या चाचणीला अर्थ नाही. कॅनवर घाट चढली तर पंप निर्दोष. कॅनवरही दम सोडला तर पंप घेऊन सांगलीला या, बेंचवर तुमच्यासमोर लावतो.

मेस्त्रीलाच करायला सांगा आणि दिवसभराची मजुरी द्या.

हापूसवाला
मेस्त्री तयार झाला. खरं तर त्यालाही चुरस लागलीय. म्हणतो, ‘तुमच्या त्या सांगलीवाल्याला दाखवतो.’

गडबडगुंडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हापूसवाला
रिटर्नच्या बाटल्या झाल्या. चारही उन्नीस-बीस. तिसरी जरा जास्त, पण दुप्पट वगैरे काही नाही. फोटो काढला होता, पण चार पाण्याच्या बाटल्यांत सोनेरी पातळ पदार्थ बघून बायकोने वेगळाच अर्थ काढला, म्हणून टाकत नाही.

उद्या कॅन. आंब्याची पेटी पणाला लावायची नाही म्हणून मागे चिरे भरलेत. मोजून पन्नास. शेजारी घर बांधतोय, त्याच्याकडून उसने आणले.

मेघना_ट्रान्सपोर्ट
जांभ्याचे चिरे घाटावर नेऊन परत आणणारा पहिला कोकणी माणूस.

हापूसवाला
मंडळी!!

कॅनवर गाडी चढली. साखरप्यापासून आंबा गावापर्यंत एका दमात, तिसऱ्या गिअरमध्ये, पन्नास चिऱ्यांसकट. मी हौद्यात कॅन धरून बसलो होतो, मेस्त्री चालवत होता. मुद्दाम पाय खाली दाबून. एका ट्रकला ओव्हरटेक केलं तेव्हा मी चिऱ्यांना धरून रामरक्षा म्हणत होतो. वर पोचल्यावर मेस्त्री खाली उतरला, बिडी पेटवणार तेवढ्यात कॅन आठवला, परत खिशात घातली. म्हणाला, ‘टाकी उतरवू.’ एवढंच. बाकी एक शब्द नाही.

उद्यमनगरी
नाद खुळा!

रेल_१६००
म्हणजे पंप, नोझल, रेल, सेन्सर, सगळ्यांना एका कॅनने क्लीन चिट. ३८ हजारांच्या समोर एक प्लॅस्टिकचा कॅन आणि दोन मीटर नळी.

हापूसवाला
आज दुपारी टाकी उतरवली. आतलं डिझेल काढून घेतलं, वरची युनिट (ओढीचा पाइप आणि काट्याचा फ्लोट असलेली) फिरवून बाहेर ओढली. ओढीच्या पाइपाच्या टोकाला डबीएवढी जाळी असते. ती स्वच्छ. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग मेस्त्रीने टॉर्च मारला, तारेचा आकडा करून तळाशी फिरवला आणि एक चिंधी वर आली. दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकचा तुकडा, तळहाताएवढा, कडेला गोल ठसा, मधोमध जाळीचे चौकोन चौकोन उमटलेले. जिलेबीच्या तळाला कढईची खूण असते ना, तसे. निळ्या छपाईतलं ‘मि.ली.’ अजून वाचता येतं.

कुठून आला तेही कळलं. पेट्रोल पंप लांब आहे म्हणून बागेत पस्तीस लिटरचा कॅन भरून ठेवतो. त्याचं झाकण गळतं, म्हणून कुणीतरी तोंडावर दुधाची पिशवी ठेवून वर झाकण आवळलं होतं. झाकण उघडताना पिशवी फाटली, तुकडा कॅनमध्ये पडला आणि डिझेलबरोबर टाकीत. वडील म्हणतात मेव्हण्याने केलं. मेव्हणा म्हणतो वडिलांनीच. मी गप्प आहे, कारण मला अंधूक आठवतंय की मीच असेन.

गडबडगुंडा
पंप ३८ हजार, पिशवी फुकट.

स्टेअरिंग_सम्राट
पण मग तीन फेऱ्या बरी कशी चालली? आणि प्लॅस्टिक तर वर तरंगणार, तळाच्या जाळीला कसं चिकटेल? मला हे पटत नाही.

रेल_१६००
प्लॅस्टिक पाण्यावर तरंगतं, डिझेलमध्ये बुडतं. पॉलिथिनची घनता ०.९२ च्या आसपास, डिझेलची ०.८२ ते ०.८४५. ग्लासभर डिझेलमध्ये पिशवीचा तुकडा टाकून बघा, सावकाश तळाला जाऊन बसेल. म्हणजे तो कायम जाळीच्या शेजारीच पडलेला असणार.

नोझलवाला_सांगली
अगदी बरोबर. आयडलला ओढ कमी, तुकडा तळाला निवांत. घाटात ओढ वाढली, गाडीचं नाक वर झालं, डिझेल मागे सरकलं, तुकडा उठला आणि जाळीला चिकटला. इंजिन बंद केलं की ओढ गेली, तुकडा सुटून खाली. ती पाच मिनिटं याचीच होती. आणि तीन फेऱ्या चालली कारण चोंदलेला फिल्टर गेल्यावर तेवढी मोकळीक मिळाली. अर्धी जाळी झाकली तरी भागत होतं. चौथ्या फेरीला टाकी किती होती?

हापूसवाला
पावाच्या खाली. काटा बघून ठेवला होता, तुम्ही विचारल्यापासून.

मेघना_ट्रान्सपोर्ट
मेस्त्री काय म्हणाले शेवटी?

हापूसवाला
तपासणीची दोन दिवसांची मजुरी विचारली तर आधी नको म्हणाला. मी दिली. शिवाय एक पेटी. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की ‘कॅनवर चालवून बघू’, आणि ही युक्ती त्याचीच आहे असंही सांगतो.

नोझलवाला_सांगली
सांगू दे. मीही कुणाकडून तरीच शिकलोय.

कडेगावकर
उशिरा आलो. माझी पिकअप सकाळी पटकन उठते, पण वीस किलोमीटर चालवून चहाला थांबलो की परत उठायला सात-आठ सेल्फ लागतात. घाटात ओढते व्यवस्थित. टाकी उतरवू का?

उद्यमनगरी
नको भावा. तुमचं उलटं प्रकरण. गरम स्टार्ट. वर नोझलवाल्यांनी सांगितलेली चार बाटल्यांची चाचणी करा. सेल्फ मारताना रेल प्रेशर दोनशेच्या आसपास जातंय का तेही स्कॅनरवर बघा. तेवढं जमेपर्यंत ईसीयू नोझल उघडतच नाही.

नोझलवाला_सांगली
हेच लिहिणार होतो.

बर्फातला_मराठी
हापूसवाले, पुन्हा असं होऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाशी आणि नळीत मध्ये एक जादा बारीक फिल्टर बसवून टाका. इथे बरेच जण बसवतात.

नोझलवाला_सांगली
बसवणाऱ्यांच्या गाडीत टाकीजवळ विजेचा पंप असतो, तो ढकलतो. यांची नळी ओढीची आहे. त्यात बारीक फिल्टर घातला की जो अडथळा काढायला एवढा खटाटोप केला, तोच हाताने बसवल्यासारखं. कॅनमधून ओतताना नरसाळ्याला बारीक जाळी लावा, आणि गळक्या झाकणाला रबरी वायसर. आठ-दहा रुपये.

हापूसवाला
वायसर बसवला. नरसाळ्यालाही जाळी लावली, बायकोची चहाची गाळणी आहे. ते कळेल तेव्हा दुसरा धागा काढेन.

नऊ फेऱ्या झाल्या, लाइट नाही, घाट पंचवीस मिनिटांत. फक्त एक बारीकशी गोष्ट. टाकी परत बसवल्यापासून डिझेलचा काटा अर्ध्याच्या खाली येतच नाही. काल अर्धी टाकी दाखवत असताना मलकापूरच्या अलीकडे गाडी कोरडी पडली.

नोझलवाला_सांगली
युनिट आत घालताना काटा हलवणाऱ्या फ्लोटची दांडी वाकलीय. टाकी परत उतरवा.

गडबडगुंडा
चिरे परत केलेत का शेजाऱ्याचे?